इंटर्नशिप वाया जाऊ नये म्हणून: अर्जापासून शेवटच्या दिवसापर्यंत काय, कधी आणि कोणत्या क्रमाने करायचं

मुंबईतल्या एका कॉलेजात मी विद्यार्थ्यांचे इंटर्नशिपचे अहवाल तपासते आणि त्यावरची तोंडी परीक्षा घेते. "तिथे तू काय केलंस?" या पहिल्याच प्रश्नाला बरीच मुलं कंपनीची माहिती सांगू लागतात: स्थापना कधी झाली, शाखा किती, उत्पादनं कोणती. स्वतःच्या कामाबद्दल विचारलं की "सगळ्यात मदत केली", "खूप शिकायला मिळालं" याच्या पुढे गाडी जात नाही. ही मुलं आळशी नसतात. डोंबिवली-विरारहून गर्दीत उभं राहून रोज जाऊन आलेली असतात. चुकलेला असतो तो क्रम. कॉलेजची परवानगी रुजू झाल्यावर मागितलेली असते, रोजची नोंद शेवटच्या आठवड्यात आठवून आठवून लिहिलेली असते आणि सर्टिफिकेटसाठी फोन सुरू होतात तेव्हा मेंटरने नोकरी बदललेली असते.

इंटर्नशिपमधून दोन गोष्टी हातात घेऊन बाहेर पडायचं आहे. एक, तुम्ही स्वतः पूर्ण केलेलं आणि ऑफिसात कुणीतरी खरोखर वापरलेलं एक काम. दोन, त्या कामाबद्दल खात्रीने बोलू शकेल असा एक माणूस. खालचे टप्पे याच हिशेबाने लावले आहेत. कॉमर्स, आर्ट्स, सायन्स, लॉ, इंजिनीअरिंग, मीडिया अशा कुठल्याही शाखेला ते लागू पडतील. एमबीबीएसनंतरच्या इंटर्नशिपचे नियम पूर्ण वेगळे आहेत, तो विषय इथे नाही.

१. अर्ज करण्याआधी कॉलेजचा नियम हातात घ्या

समन्वयक प्राध्यापकांकडून चार गोष्टी लेखी घ्या: किती तास हवेत, कोणत्या तारखांच्या आत हवेत, कोणत्या प्रकारची जागा चालते आणि शेवटी कोणते कागद जमा करायचे.

यूजीसीच्या मार्गदर्शक तत्त्वांत इंटर्नशिपचं १ क्रेडिट म्हणजे ३० तास असा हिशेब आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर अनेक अभ्यासक्रमांत आलेली ऑन द जॉब ट्रेनिंग, म्हणजे मुलांच्या तोंडची ओजेटी, ४ क्रेडिटची असेल तर १२० तास झाले. रोजचे ६ तास धरले तर कामाचे २० दिवस. मुलं मात्र "एक महिना" असं मोजतात. रविवार, सणाच्या सुट्ट्या आणि पावसाने लोकल बंद पडलेला एखादा दिवस वजा झाला की तास कमी भरतात, आणि तोवर ऑफिसने निरोप दिलेला असतो. हिशेब तासांत करा आणि वर आठवडाभराची सोय ठेवा. लॉच्या विद्यार्थ्यांचं गणित आठवड्यांत असतं: बार कौन्सिलच्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाला किमान २० आठवडे, तेही एका वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त नाही. शेवटच्या वर्षी सगळे आठवडे एकदम उरकता येत नाहीत, हे पहिल्याच वर्षी लक्षात घ्यायला हवं.

सरकारी योजनांबद्दल एक गैरसमज दरवर्षी दिसतो. २०२४ मध्ये सुरू झालेली पंतप्रधान इंटर्नशिप योजना सुरुवातीला पूर्णवेळ शिकणाऱ्यांसाठी आखलेली नव्हती. राज्याची मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनाही शिक्षण संपवून काम शोधणाऱ्या तरुणांसाठी आहे. डिग्रीला असताना त्यांच्यावर भिस्त ठेवू नका.

*तपासा:* काकांच्या फर्ममध्ये किंवा घरबसल्या ऑनलाइन केलेली इंटर्नशिप कॉलेजला चालते का, हे आजच विचारा. नंतर विचारलं आणि उत्तर नकारार्थी आलं तर तुमच्या हातात काही उरत नाही.

२. जागा शोधा, पण एकच अर्ज शंभर ठिकाणी टाकू नका

शोधायच्या जागा तुम्हाला माहीत आहेत: प्लेसमेंट सेल, इंटर्नशिपची पोर्टलं, मागच्या वर्षीचे सीनियर. यातला तिसरा मार्ग सगळ्यात कमी वापरला जातो आणि सगळ्यात खरी माहिती तोच देतो. सीनियरला "जागा आहे का?" असं विचारण्याऐवजी "तिथे तुला दिवसभर काय करायला दिलं?" असं विचारा.

माझं मत स्पष्ट सांगते. बीकेसी किंवा लोअर परळच्या काचेच्या इमारतीतल्या नावापेक्षा फोर्टमधली चार माणसांची सीएची पेढी, लॅमिंग्टन रोडवरचं सर्व्हिस सेंटर किंवा दादरचा छोटा प्रकाशक विद्यार्थ्याला अनेकदा जास्त शिकवतो. लहान जागी माणसं कमी असतात, त्यामुळे खरं काम लवकर हातात येतं. मोठ्या नावाचा बायोडेटावर उपयोग होतो, हेही खरं. पण तिथे गेलात तर सातव्या टप्प्यावर दुप्पट मेहनत घ्यावी लागेल.

अर्जाचा मेल पाच-सहा ओळींचा पुरतो. तुम्ही कोण, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत मोकळे आहात, रोज किती तास देऊ शकता, तुम्हाला नेमकं काय येतं आणि त्याच ऑफिसात का यायचं आहे. "मी मेहनती आणि प्रामाणिक आहे" हे वाक्य काढून टाका. त्या जागी "एक्सेलमध्ये पिव्होट टेबल करता येतं", "टॅलीत व्हाउचर एंट्री केली आहे", "मराठी आणि हिंदी दोन्हींत मुलाखती घेऊन टाइप करू शकते" असं पडताळता येणारं काहीतरी लिहा. आठवड्यात उत्तर आलं नाही तर एकदाच, नम्रपणे आठवण करा.

३. जागा खरी आहे ना, याची खात्री करा

हा टप्पा गाळणारी मुलं पैसे गमावतात. नोंदणी शुल्क, सिक्युरिटी डिपॉझिट, "ट्रेनिंग किट"चे पैसे, यांपैकी काहीही मागितलं की तिथेच थांबा. इंटर्नशिप देणारा इंटर्नकडून पैसे घेत नाही.

पैसे मागितले नाहीत तरी एवढं बघा:

- कंपनी प्रायव्हेट लिमिटेड म्हणवत असेल तर कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर तिचं नाव शोधा. तिला २१ अक्षर-अंकांचा ओळख क्रमांक असतो आणि त्यातच राज्य आणि स्थापनेचं वर्ष असतं. "वीस वर्षांचा अनुभव" सांगणारी कंपनी गेल्या वर्षी नोंदलेली निघाली तर अर्थ स्पष्ट आहे.
- जीएसटी क्रमांक दिला असेल तर तो १५ अक्षर-अंकांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ ने सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की नाव आणि स्थिती दिसते.
- लहान पेढ्या, वकील, स्वयंसेवी संस्था यांची कंपनी म्हणून नोंद नसेल. तिथे प्रत्यक्ष जा. पत्त्यावर पाटी आहे का, माणसं काम करताना दिसतात का, ते बघा. शक्यतो सोबत कुणाला तरी घेऊन जा.

*सावध:* ऑफर लेटर येण्याआधी आधार, पॅन, बँकेच्या पासबुकाचे फोटो व्हॉट्सॲपवर पाठवू नका. ओटीपी तर कुणालाच नाही. पैसे गेलेच तर लाज वाटून गप्प बसू नका. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम रोखली जाण्याची शक्यता जास्त.

४. आधी ऑफर लेटर, मग कॉलेजचं पत्र, मग रुजू

हाच क्रम. "सोमवारपासून ये, लेटर नंतर देतो" असं तोंडी सांगितलं तर सोमवारी जरूर जा, पण त्याआधी स्वतः मेल पाठवा: "आपल्या बोलण्यानुसार मी अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, रोज अमुक वेळेत, अमुक विभागात येईन. स्टायपेंड दरमहा अमुक ठरला आहे. कॉलेजसाठी पत्राची गरज आहे." समोरून "ओके" एवढं आलं तरी पुरावा झाला.

ऑफर लेटरमध्ये हे सापडायला हवं: तुमचं पूर्ण नाव कॉलेजच्या नोंदीप्रमाणे, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, रोजचे तास, विभाग, तुम्हाला कोण मार्गदर्शन करणार, स्टायपेंड किती आणि कधी, लेटरहेड आणि सही. यातली एक जरी गोष्ट नसेल तर दुरुस्ती मागा. नावाच्या स्पेलिंगमध्ये चूक असेल तर तीच चूक सर्टिफिकेटवर उतरते आणि तेव्हा ती दुरुस्त करून घेणं फार जड जातं. मग हे पत्र दाखवून कॉलेजची एनओसी, म्हणजे ना हरकत पत्र, घ्या. परीक्षेच्या दिवसांत कार्यालयात गर्दी असते, तेव्हा किमान आठवडा हाताशी ठेवा.

गोपनीयतेच्या करारावर सही मागितली तर वाचल्याशिवाय करू नका. एक प्रश्न त्याच वेळी विचारा: "कॉलेजच्या अहवालात मी काय लिहू शकते?"

बिनपगारी इंटर्नशिप घ्यावी का? महिनाभर, अर्धा दिवस, शिकवायला माणूस नक्की असेल तर घ्या. पूर्णवेळ, दोन-तीन महिने, प्रवासखर्चही न देता कुणी बोलावत असेल तर मी मुलांना नको म्हणते. घरची ओढाताण करून फुकट राबण्यात मोठेपणा नाही. निदान प्रवासाचा खर्च मागा. मागणं उद्धटपणाचं नाही.

५. रुजू होण्याआधीचा आठवडा

*प्रवास.* विद्यार्थी सवलतीचा लोकलचा पास घर ते कॉलेज याच मार्गासाठी मिळतो. राहायला डोंबिवली, कॉलेज ठाण्यात आणि ऑफिस बीकेसीत असेल तर ठाण्यापुढचं तिकीट किंवा पास वेगळा धरा, आणि कुर्ल्याहून पुढच्या बसचे किंवा शेअर रिक्षाचे पैसे त्यात मिळवा. अंधेरी-मरोळ भागात जाणाऱ्यांना मेट्रो १ आणि मेट्रो ३ मरोळ नाक्याला बदलता येते. लोअर परळची ऑफिसं मध्य रेल्वेवरून येणाऱ्यांना करी रोडहूनही चालत गाठता येतात. एक फेरी आधीच मारून बघा, तीही कामाच्या दिवशी आणि ऑफिसच्याच वेळेला. रविवारी मेगाब्लॉकमध्ये मारलेली फेरी काहीच सांगत नाही.

जून-जुलैत रुजू होत असाल तर पावसाचं आधीच बोलून ठेवा: गाड्या बंद पडल्या तर कुणाला, किती वाजेपर्यंत कळवायचं आणि त्या दिवशी घरून काम चालेल का. कुर्ला-सायनला पाणी भरलं की मध्य आणि हार्बर दोन्ही रखडतात, हे ऑफिसलाही माहीत असतं. त्यांना राग येतो तो न कळवण्याचा.

*कागद.* कॉलेजचं ओळखपत्र, एनओसीच्या दोन प्रती, पासपोर्ट आकाराचे फोटो, पॅन, स्वतःच्या नावाचं बँक खातं. पॅन नसेल तर आताच काढा. अनेक ठिकाणी स्टायपेंड त्याशिवाय अडकतो.

*कपडे.* रुजू होण्याआधी एचआरला विचारा. कोर्टात जाणाऱ्या लॉ इंटर्नना पांढरा-काळा वेश, लॅबमध्ये ॲप्रन आणि बंद बूट, बाकी बऱ्याच ठिकाणी साधे, इस्त्री केलेले कपडे चालतात. नवीन खरेदीची गरज नसते.

६. पहिला आठवडा: कमी बोला, जास्त लिहून घ्या

पहिल्या दिवशी एक वही न्या. फोनवर टिपलं तर समोरच्याला वाटतं चॅटिंग चाललंय. वहीत तीन पानं राखून ठेवा.

पहिलं पान माणसांचं: कोण काय काम बघतं, कोणाला काय विचारायचं. यात चहा आणणारे काका आणि रिसेप्शनवरच्या ताई यांची नावंही लिहा. फाइल कुठे असते, प्रिंटर का अडतो, साहेब कधी मोकळे असतात, हे त्यांनाच माहीत असतं. त्यांच्याशी नीट वागणं हे मुळात माणूस म्हणून करायचं आहे, ते वेगळं सांगायला नको.

दुसरं पान शब्दांचं. ऑफिसात दिवसभर जे शब्द उडत असतात आणि कळत नाहीत, ते ऐकू येतील तसे देवनागरीत लिहा. संध्याकाळी गाडीत अर्थ शोधा. उरतील ते दुसऱ्या दिवशी एकदम विचारा.

तिसरं पान कामाच्या प्रवाहाचं: या विभागात काम कुठून येतं, त्याचं इथे काय होतं, पुढे कुणाकडे जातं. चार बाण काढले तरी चालेल. हे पान भरल्याशिवाय पुढच्या टप्प्याला हात घालू नका.

मराठी माध्यमातून आलेल्या मुला-मुलींसाठी हे खास लिहिते, कारण याच आठवड्यात ती मिटतात. मीटिंग इंग्रजीत चालते, विनोद इंग्रजीत होतात, आणि आपण काही विचारलं तर हसतील असं वाटत राहतं. मुंबईतल्या ऑफिसांत प्रत्यक्ष काम हिंदी, मराठी, इंग्रजी यांच्या मिश्रणातच चालतं. शंका हिंदीत किंवा मराठीत विचारा, बेधडक विचारा. मेल मात्र इंग्रजीत लागतील, तर छोटी वाक्यं लिहा: काय झालं, काय राहिलं, काय हवं आहे. ऑफिसातल्या चांगल्या मेलची रचना वहीत उतरवून ठेवा आणि तशी वापरा. चुकीच्या इंग्रजीने तुमचं नुकसान होत नाही. न विचारल्यामुळे चुकीचं केलेलं काम मात्र लक्षात राहतं.

*तपासा:* आठवडा संपताना मेंटरशी रोज किंवा एक दिवसाआड दहा मिनिटं बोलायची वेळ ठरली आहे का? नसेल तर मागा. "संध्याकाळी निघण्याआधी दहा मिनिटं दिलीत तर दिवसाचं काम दाखवून जाईन." याला सहसा नकार येत नाही.

७. स्वतःचं एक काम मागून घ्या

सगळी इंटर्नशिप इथे ठरते, म्हणून यावर सगळ्यात जास्त लिहिते आहे.

इंटर्नला सुरुवातीला किरकोळ कामं मिळतात: स्कॅनिंग, डेटा एंट्री, फाइल लावणं, फोन करणं. यात अपमान नाही. ती नीट केलीत तर विश्वास बसतो. अडचण तेव्हा होते, जेव्हा शेवटच्या दिवसापर्यंत तेवढंच चालू राहतं आणि विद्यार्थी "काहीतरी देतील" म्हणून वाट बघत बसतो. मेंटरच्या डोक्यावर स्वतःचं काम असतं. तुमच्यासाठी नवीन काम शोधून, समजावून देणं हे त्यांना जास्तीचं ओझं वाटतं. ते ओझं तुम्ही उचला. काम शोधा आणि तयार प्रस्ताव घेऊन जा.

कसं शोधायचं? वहीचं तिसरं पान उघडा आणि बाणांवरून बघा, काम कुठे साचतं. कुठली गोष्ट दर महिन्याला पुन्हा पुन्हा हाताने केली जाते? कुठली यादी जुनी झाली आहे? कुठला प्रश्न ग्राहक रोज विचारतात आणि त्याचं लेखी उत्तर कुठेच नाही? काही नमुने देते.

सीएच्या पेढीत: एका क्लायंटचं खरेदी रजिस्टर आणि जीएसटीआर-२बी (विक्रेत्यांनी भरलेल्या रिटर्नवरून जीएसटीच्या संकेतस्थळावर तयार होणारा खरेदीचा तक्ता) जुळवून न जुळणाऱ्या बिलांची यादी करणं, आणि प्रत्येक बिलापुढे कारण लिहिणं. तारखेचा फरक, चुकीचा जीएसटी क्रमांक, की विक्रेत्याने रिटर्नच भरलेलं नाही? नुसती जुळवणी ही डेटा एंट्री झाली. कारणांचा रकाना भरला की ते तुमचं काम झालं.

स्वयंसेवी संस्थेत: गोवंडीत किंवा मालवणीत झालेल्या बैठकांच्या हस्तलिखित नोंदी एका तक्त्यात आणून, लोकांनी कोणत्या तक्रारी जास्त वेळा मांडल्या ते काढून देणं.

मीडिया किंवा प्रकाशनात: जुन्या लेखांची विषयवार सूची. कंटाळवाणं वाटतं, पण संपादकांना ती हवी असते आणि करायला कुणाला वेळ नसतो.

सॉफ्टवेअरच्या टीममध्ये: नवीन माणसाच्या कॉम्प्युटरवर प्रोजेक्ट चालू करायच्या पायऱ्या. तुम्ही नुकत्याच त्यातून गेलेले असता, अडलेली प्रत्येक जागा ताजी असते. मग पुढचा इंटर्न तुमच्याच पायऱ्या वापरतो.

लॅबमध्ये: उपकरणांच्या कॅलिब्रेशनच्या तारखांचा तक्ता, पुढची तारीख जवळ आली की रंग बदलणारा.

कामाचा आकार तुमच्या उरलेल्या दिवसांच्या अर्ध्यात बसेल एवढाच ठेवा. उरलेले दिवस दुरुस्त्यांना लागतात. मोठी स्वप्नं इथे घात करतात: "कंपनीची पूर्ण वेबसाइट बदलते" म्हणणारी मुलगी अर्धवट पानं सोडून जाते, आणि फक्त "नेहमीचे प्रश्न" हे एक पान नीट करणारीचं पान वापरात राहतं.

प्रस्ताव तोंडी मांडा, मग त्याच दिवशी लिहून पाठवा. असा:

"सर, क्लायंटकडून येणाऱ्या बिलांमध्ये जीएसटी क्रमांक चुकल्यामुळे दर महिन्याला आपल्याला परत फोन करावे लागतात, असं गेल्या आठवड्यात दिसलं. एका क्लायंटच्या तीन महिन्यांच्या बिलांची तपासणी करून चुकांचे प्रकार आणि विक्रेत्यांची नावं अशी यादी पुढच्या शुक्रवारपर्यंत देऊ का? मला खरेदी रजिस्टर बघण्याची परवानगी लागेल. रोजचं काम सांभाळून करेन."

यात अडचण आहे, नेमकं काम आहे, तारीख आहे, लागणारी मदत आहे आणि रोजचं काम सुटणार नाही याची हमी आहे. नकार आला तर "मग यापैकी कशाचा उपयोग होईल?" असं विचारून आणखी दोन पर्याय पुढे ठेवा. तीन पर्याय घेऊनच जायचं.

*सावध:* काम संपलं म्हणजे फाइल पाठवली असं नाही. ज्याच्यासाठी केलं त्याच्यासमोर बसून, त्याला ते वापरताना बघा. तो जिथे अडतो ते सुधारा. ही दुसरी आवृत्ती फार थोडे विद्यार्थी करतात.

*सावध:* कंपनीची माहिती एआय चॅटबॉटमध्ये टाकू नका, पेन ड्राइव्हवर घरी नेऊ नका, स्क्रीनचे फोटो काढू नका. सूत्र कसं लिहायचं हे जरूर विचारा, पण क्लायंटची नावं आणि आकडे न देता.

८. रोजची नोंद रोजच

लॉगबुक घरी पोचायच्या आत लिहायचं. परतीच्या गाडीत बसायला मिळालं तर तिथे, नाहीतर ऑफिसातून निघण्याआधी पाच मिनिटं. जेवणानंतर लिहू म्हटलं की राहतं.

वाईट नोंद अशी असते: "आज अकाउंट्स विभागात काम केलं. बरंच शिकायला मिळालं."

चांगली नोंद: "१० ते ५. मार्चची ४० बिलं तपासली. ६ बिलांत जीएसटी क्रमांक चुकीचा. त्यातली ४ एकाच विक्रेत्याची. मॅडमना दाखवलं, त्यांनी विक्रेत्याला मेल करायला सांगितलं. शिकले: क्रेडिट नोट वेगळी बघावी लागते. अडलं: दोन बिलं दोनदा नोंदली आहेत का ते कळलं नाही, उद्या विचारायचं."

वेळ, आकडे, निर्णय कुणी घेतला, काय शिकलो, काय अडलं. पाच ओळींत बसतं. शेवटी हेच अहवालाचं कच्चं लिखाण होतं. क्लायंटची खरी नावं लिहायची नसतील तर "क्लायंट क" असं लिहा आणि तेच नाव शेवटपर्यंत वापरा.

दर शुक्रवारी मेंटरची सही घ्या. महिन्याभराच्या सह्या एकदम घेतल्या की सगळीकडे एकच पेन, एकच शाई दिसते, आणि आम्हा परीक्षकांना ती लगेच ओळखू येते.

९. मध्यावर एकदा थांबून विचारा

निम्मे तास भरले की मेंटरला दोनच प्रश्न विचारा: "माझ्या कामात आत्ता बदलायला हवी अशी एक गोष्ट कोणती?" आणि "उरलेल्या दिवसांत मी काय पूर्ण करावं असं तुम्हाला वाटतं?" "मी कशी काम करते?" असं विचारलं तर "छान" एवढंच उत्तर येतं. मिळालेल्या उत्तरावर स्पष्टीकरण देऊ नका. लिहून घ्या, आणि दोन दिवसांत तो बदल करून दाखवा.

*तपासा:* तास, सह्या आणि स्वतःचं काम, तिन्ही निम्म्यावर आहेत का?

१०. अडचण आली तर

काम मिळतच नाही: आठवडाभर रिकामे बसलात तर मेंटर, मग एचआर, मग कॉलेजचे समन्वयक, या क्रमाने कळवा. समन्वयक त्यासाठीच असतात.

रोज रात्री उशीर होतो: ठरलेल्या वेळेचा मेल तुमच्याकडे आहे. एखाद्या दिवशी थांबायला हरकत नाही. रोजचं झालं तर "घरी पोचायला दीड तास लागतो, सातला निघावं लागेल" हे शांतपणे, आधी सांगा.

कुणी नको तसं बोललं, स्पर्श केला, मेसेज केले: ही गोष्ट सहन करायची नसते. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू आहे, पगार मिळत असो वा नसो. दहा किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती असावीच लागते. त्याहून लहान जागी किंवा तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. मुंबई शहर आणि मुंबई उपनगर हे दोन वेगळे जिल्हे आहेत, एवढं लक्षात ठेवा. तक्रार लेखी, आणि साधारणपणे तीन महिन्यांच्या आत करायची. मेसेज पुसू नका. कॉलेजात विश्वासाच्या मॅडमना त्याच दिवशी सांगा. मुलग्यांच्या बाबतीत असं घडलं तरी एचआर आणि कॉलेज दोघांना लेखी कळवा. क्रेडिट जाईल या भीतीने तिथे जात राहू नका. जागा बदलून देता येते, आम्ही दिलेली आहे.

११. शेवटचे दहा दिवस

शेवटच्या दिवशी केक कापला जातो आणि कागद राहून जातात. म्हणून दहा दिवस आधी सुरुवात करा.

दहावा दिवस: सर्टिफिकेटचा मजकूर तुम्हीच टाइप करून एचआरला पाठवा. नाव, तारखा, एकूण तास, विभाग आणि केलेल्या कामाचं एक वाक्य. तयार मजकूर असला की काम लवकर होतं आणि तास लिहायचे राहत नाहीत. कॉलेजचा मूल्यमापनाचा फॉर्म असेल तर तोही याच दिवशी मेंटरच्या हातात.

सातवा दिवस: तुमच्या कामाची हस्तांतर नोंद लिहा. फाइल कुठे आहे, कशी वापरायची, काय राहिलं. एक पान पुरे.

पाचवा दिवस: अहवालात कोणते तक्ते, कोणती चित्रं वापरायची, याची मेलवर परवानगी घ्या.

तिसरा दिवस: स्टायपेंड कधी जमा होणार ते विचारा. काही ठिकाणी त्यातून टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला प्राप्तिकर, वजा करतात. तुमचं वर्षाचं उत्पन्न करपात्र नसेल तर प्राप्तिकर विवरणपत्र भरून ती रक्कम परत मिळते. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा दिसते ना, ते बघा.

शेवटचा दिवस: सही-शिक्क्याचं सर्टिफिकेट, शेवटची लॉगबुक सही, ओळखपत्र परत. मेंटरचा वैयक्तिक मेल पत्ता विचारून घ्या, कारण ऑफिसचा पत्ता नोकरी बदलली की बंद होतो. "पुढे कुणी माझ्याबद्दल विचारलं तर तुमचं नाव देऊ का?" हेही समोरासमोर विचारा.

*सावध:* "सर्टिफिकेट मेल करतो" यावर निघू नका. मूळ प्रत मिळणार नसेल तर निदान स्कॅन केलेली प्रत त्याच संध्याकाळी मागून घ्या.

१२. अहवाल, तोंडी परीक्षा आणि बायोडेटा

अहवालात कंपनीची माहिती एका पानात संपवा. संकेतस्थळावरून उतरवलेली दहा पानं कुणी वाचत नाही. मोठा भाग तुमच्या एका कामाला द्या: आधी परिस्थिती काय होती, तुम्ही काय केलं, कुठे चुकलं आणि कसं सुधारलं, आता ते कोण वापरतं.

तोंडी परीक्षेत मी विचारते ते प्रश्न इथेच देऊन टाकते. तुमच्या कामातला एक निर्णय सांगा, तो तसा का घेतला? आकडा चुकीचा आहे हे कसं ओळखलं? वर्गात शिकलेली कोणती गोष्ट तिथे तशीच लागू पडली नाही? लॉगबुक रोज लिहिलेल्या मुलाला याची तयारी करावी लागत नाही.

बायोडेटावर "अमुक कंपनीत इंटर्न, दोन महिने" एवढंच लिहू नका. "तीन महिन्यांची खरेदी बिलं तपासून चुकीच्या जीएसटी क्रमांकांची विक्रेत्यानुसार यादी केली, पेढी ती मासिक तपासणीसाठी वापरते" असं लिहा. लिहिण्याआधी मेंटरला ते वाक्य पाठवून बरोबर आहे का ते विचारून घ्या. मुलाखत घेणाऱ्यांचा फोन त्यांनाच जाणार असतो.